पिंजरा नसलेल्या घरातली मलिका

अन्याय झाला तो मलिकेवर, आणि तो पुरा झाला गेल्या पोळ्याला, बैल मिरवून परतत होते त्या वेळेला, गेवराईत, माझ्या काकांच्या दिवाणखान्यात. मलिका म्हणजे त्यांची पर्शियन मांजरी. पांढरी, झुबकेदार, चांगली उशीएवढी. ती कशी मेली हे गावाला ठाऊक नाही, कारण गाव काकांचं ऐकतं. म्हणून काकांबद्दल मी लिहिते आहे.

काकांकडे रंगीत टीव्हीची एजन्सी. नवं आर्थिक धोरण आलं, पैसा आला, गच्चीवर डिश आली आणि हैदराबादहून मांजरांची जोडी आली. पिल्लं बीड-औरंगाबादच्या बंगल्यांत जायची. पाहुणा आला की काका हात फिरवून अख्खी खोली दाखवायचे. "बघा, कुठं पिंजरा दिसतो का? आपल्या घरात जनावर मोकळं हाय." पिल्लू मागायला आलेल्याला ते मुलगी दाखवल्यासारखं मलिकेचं कूळ सांगत, आई कुणाची, आजी कुणाची. रोज सकाळी अंघोळीआधी लाकडी फणीने तिचे केस स्वतः विंचरत. पोटच्या पोरींची वेणी या माणसाने कधी घातली नव्हती.

त्या घरात मांस येत नाही, अंडंसुद्धा नाही. आमच्याही घरात येत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपण काय खावं ते आपण ठरवावं. काकांनी मांजराचंही ठरवलं! केशर घातलेलं दूध, तूप-भात, भिजवलेले बदाम. "जनावर घराच्या वळणावर जातं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मलिका कसली वळणावर जाते? मागच्या अंगणात उंदीर, चिमण्या, पाली मारून ती तगून होती. एका सोमवारी काका कपिलधारहून दर्शन करून आले, तर देवघरापुढे अर्धा उंदीर. काकांनी गोमूत्र शिंपडलं आणि त्याच आठवड्यात अंगणाला, खिडक्यांना, जिन्याला बारीक जाळी मारून घेतली. पिंजरा मात्र नाहीच हं.

पुढे ती दिवाणाच्या कोपऱ्याला धडकू लागली. मी म्हटलं, "काका, हिला दिसत नाही."

काका हसले. "अगं, डोळे मिटून जप करती ती."

मी जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. ते म्हणाले, "मांसावाचून हिचे डोळे गेले ते गेले. मांस सुरू करा, नाहीतर काळीजही जाईल." काकांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

समोर रशीदभाईंचं गॅरेज. त्यांच्या कानावर गेलं, तसे ते उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. "शेठ, तुमच्या घरात एक तुकडा येणार न्हाई. दुपारी पुतणीसंगं माझ्याकडं धाडा. खिमा चारतो, तोंड पुसून परत देतो."

"अन् त्याच तोंडानं माझ्या गादीवर बसंल?"

"मांजर हाय शेठ, पुजारी न्हाई."

"तुमच्या घरची तुमच्यासारखी, आमच्या घरची आमच्यासारखी!" काकांनी दार लावून घेतलं.

रशीदभाई रस्त्यातूनच ओरडले, "मग माझी शेळी काऊन बिर्याणी खात न्हाई, शेठ?"

दुसऱ्या दिवशी मी मलिकेला ओढणीत गुंडाळून निघाले, तर काका दारात. "सुधारणेची पत्रकं वाटती गावभर, अन् मला मांजर शिकवती!" त्यांनी तिला माझ्या हातातून काढून घेतलं. तेव्हापासून दाराला आतून कुलूप.

पोळ्याला मला घरात घेतलं ते सणाचं म्हणून. मलिकेच्या पाठीवर जरीची झूल, कपाळाला कुंकू, पुढ्यात पुरणपोळी. ती कुशीवर पडून तोंडाने श्वास घेत होती. काका पोळीचा घास तिच्या ओठाला लावत होते, "घे गं माझे बाई, आज सण हाय." बाहेर ताशे वाजत होते. श्वास थांबला तरी घास तिथेच धरलेला.

काका रडले. खरोखर रडले. आणि डोळे पुसून आलेल्या-गेलेल्याला सांगू लागले, "सणाच्या दिवशी गेली, लई पुण्यवान जीव."

तिची पिल्लं जिवंत आहेत. त्यातलं एखादं तुमच्या सोफ्यावर असेल, आणि दूधभात पुरतो असं काकांनी तुम्हालाही सांगितलं असेल. पुरत नाही. आज त्याच्या ताटलीत मांस वाढा. तुमच्या उंबऱ्याला चालत नसेल, तर ज्याच्या उंबऱ्याला चालतं त्याच्या घरी ते पिल्लू नेऊन द्या. त्याला अजून दिसतं आहे तोवर द्या.