राखून ठेवलेला कप्पा

विलासभाऊ गेल्याचा फोन भंडाऱ्याच्या आमच्या कार्यालयात मीच उचलला. महिना होत आला, पण त्यांच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही...

आम्ही दोघं मिळून एकच सर्व्हर सांभाळायचो. त्याचे त्यांनी कप्पे पाडले होते: एकात कॉलेजांचे निकाल, एकात धानाची नोंदणी, एकात धरणाचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना जाणारे निरोप. कप्पे वेगळे, पण मेमरी सगळ्यांत मिळून एकच, म्हणून प्रत्येकाला मर्यादा. निरोपांच्या कप्प्याचा वाटा मात्र ते कुणालाच देत नसत. वर्षातले बरेच दिवस तो रिकामा दिसे आणि साहेब चिडत. "रिकामं नाही साहेब, राखून ठेवलं हाय," एवढंच भाऊ म्हणत. निरोप पोहोचला की लाखांदूरकडच्या गावाहून त्यांची म्हातारी आई मिस कॉल द्यायची. स्क्रीन काहीही सांगो, तो आल्याशिवाय भाऊ चहाला उठत नसत. मी त्यावरून त्यांना खूप चिडवायचे.

छातीत दुखतं म्हणून ते दवाखान्यात भरती झाले, आणि इकडे धान नोंदणीची झुंबड उडाली. मी नको म्हणत असताना साहेबांनी तो राखीव वाटा काढून नोंदणीला दिला. मेमरी संपली की सर्व्हर एखादं काम स्वतःच मारून टाकतो. त्या सकाळी त्यानं निरोपांचं काम मारलं. आज दरवाजे उघडणार हे भाऊंना ठाऊक होतं, आणि मिस कॉल येत नव्हता. सलाईन उपसून त्यांनीच फोन लावला: "आई, नदीवर कोण कोण गेलं? बलाव साऱ्यांले." बाकीचे वर आले. त्यांचा लहानपणचा सोबती मारोती जाळं काढायला थांबला होता. तो वाहून गेला.

संध्याकाळी मी भेटायला गेले तर भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "काहून काढला वो तो वाटा?" दुसऱ्या दिवशी ते गेले. साहेबांचा मला अजून राग येतो, आणि तो जावा असं वाटतही नाही.

तेरवीनंतर आईंनी भाऊंचा फोन माझ्या हातात दिला. "हा बंद नोको पडू देऊ, बाई. मले दुसरा नंबर पाठ नाही."

वाटा मी पुन्हा राखून ठेवला आहे. साहेब आता त्याला हात लावत नाहीत. फोन भाऊंच्या टेबलावर चार्जिंगला असतो. परवा पुन्हा दरवाजे उघडायचे होते. सगळे निरोप गेल्याचं स्क्रीननं सांगितलं, चहाही आला. मी बसून राहिले... चहावर साय धरली, तेव्हा फोन एकदा वाजला आणि थांबला.