घरी परतलेला पूर्वज

आखातात, अल अझीझियातल्या फ्लॅटमध्ये दसऱ्याला माझ्या कामाच्या पान्या-पकडींवर झेंडू वाहिला आणि त्या वासासरशी लहानपणीचं गावचं अंगण आठवलं. वंशावळ सांगणारा हेळवी बैल बांधून ओट्यावर बसला होता. शेजारच्या संभाला तो म्हणाला, “मराठ्यांच्या यादवीत तुमचा पूर्वज लढता लढता पडला.” मग माझ्याकडे वळला. “तुमचाही त्याच फौजेत होता. तो घरी परत आला, शेती करत म्हातारा झाला.”

संभाची छाती फुगली. मी नुसता जळत होतो.

आज हे ऐकून लेक म्हणाली, “बट बाबा, ही केम होम!”

दर दसऱ्याला मी म्हणतो, पुढच्या वर्षी कायमचं गावी. संभाचा हेवा कधीच विरला. आता जळतो तो माझ्याच त्या पूर्वजावर.