क्लचपाशी राहिलेली चप्पल

गॅरेजबाहेर आमची जुनी गाडी उभी आहे आणि तिच्या क्लचखाली बाबांची डाव्या पायातली चप्पल पडली आहे. बाबा तसेच उतरून बाकापर्यंत चालत गेले आणि बसले. एक पाय अनवाणी आहे, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

गिअर पडत नाही, पडताना खरखरतो, ही त्यांची तक्रार. मेस्त्रींनी क्लचची तार पाहिली, गिअरबॉक्समधलं तेल पाहिलं, स्वतः एक फेरी मारून आले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गाडीत काही नाही. क्लच पूर्ण दाबला जात नाहीये."

शुगरमुळे बाबांच्या तळव्यांची जाणीव गेली आहे. ती परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पाय दाबल्याचं फक्त मनाला वाटतं आणि खाली पेडल अर्ध्यावरच राहतं. अशी किती माणसं आपापल्या परीने पूर्ण जोर लावत असतील, आणि खरखर ऐकू आली की गाडीला दोष देत असतील. तार झिजली तर नवी मिळते. तळव्याचं तसं नाही.

"क्लचप्लेटच बदलून टाका," बाबा बाकावरून मेस्त्रींना सांगत होते. "मी क्लच पूर्ण दाबतो."

मी चप्पल आणली, खाली बसून बाबांची बोटं हाताने धरून आत सरकवली.

बाबा गाडीकडेच बघत होते. त्यांना तेही कळलं नाही.