पंच्याचं दुसरं टोक

मोठे दीर आणि मी इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण एकमेकांशी थेट कधी बोललो नव्हतो. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरासमोर बसायचं नाही, त्याला शिवायचं तर नाहीच. नवरा होता तोवर निरोप त्याच्या तोंडून जायचे. तो वारल्यावर मी भिंतीकडे बघून "जेवण झाकून ठेवलंय" म्हणायचे, आणि दीर पंख्याकडे बघून "आमटी पातळ होती" म्हणायचे. कोणाचं काही अडलं नाही.

अडलं ते त्यांचे पाय थकल्यावर. ठाकुर्लीला आमच्या जागेवर बिल्डिंग झाली, तिच्यातच दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. सगळीकडे गुळगुळीत लादी. मिठागरात जन्मभर अनवाणी चाललेला माणूस त्या लादीवर घसरायला लागला. डॉक्टर म्हणाला, पडून खुबा मोडला तर या वयात पुन्हा उठणार नाहीत. हात धरून चालवा.

धरणार कोण? त्यांना मूलबाळ नाही, जाऊ कधीच गेली. माझा मुलगा आणि सून सकाळीच कामाला जातात. मुलाने ठाण्यातल्या खोपटहून एक सांभाळणारा माणूस आणला. दिरांनी त्याला चहा पाजला आणि दुपारच्या आत घालवून दिला. काठी आणली, ती त्यांनी गॅलरीतल्या मिरचीच्या झाडाला टेकू म्हणून लावली.

"काका, अहो पडाल!" मुलगा ओरडला.

"पडेन तं उठेन. तुझ्या बापाला चालायला मी शिकवला. आता तू मना शिकव."

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तूच धर ना त्यांचा हात. आता कोण बघतंय?"

"ते बघतात ना," मी म्हटलं.

त्या रीतीचं मला काही कौतुक नव्हतं. मी केव्हाच मोडली असती. पण त्यांची जमीन गेली, बैल गेले, आता पायही जायला लागले. एवढा एक मान राहिलेला, तो मी कशाला काढून घेऊ?

मग एका सकाळी ते मोरीच्या दारात बसलेले दिसले. पडले नव्हते. पाय दुमडले आणि उठता येईना. मी पुढे झाले.

"हात लावू नको!"

मी थांबले. भिंतीला विचारलं, "पोराला फोन करू?"

"नको."

"शेजारच्यांना बोलवू?"

"कोनी नको."

"मग आज तिथेच बसणार काय?" हे मी सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून विचारलं.

त्यांनीही माझ्याकडे बघितलं. "बोलतेस गो तू!"

"भिंत काय तुम्हाला उठवणार नाही."

ते हसले. दात नाहीत, पण हसले. त्यांचा पंचा दोरीवर वाळत होता. मी तो ओढला, पीळ दिला आणि एक टोक त्यांच्यापुढे टाकलं. दुसरं मनगटाला गुंडाळून चौकटीला पाय लावला.

"धरा."

त्यांनी टोक आधी बोटांनी चाचपलं. मग धरलं. मी ओढलं, ते उठले. हाताला हात लागला नाही.

तेव्हापासून सकाळी असंच चालतं. मी पुढे, ते मागे, मधे पंचा. मोरीच्या दाराशी मी सोडते आणि तोंड फिरवते. सुट्टीच्या दिवशी सुनेने बघितलं. "आई, बैल नेताय का?"

"बैल कोन, तिलाच इचार," दीर आतून म्हणाले.

मुलाला हे पसंत नाही. पंचा हातातून निसटला तर, म्हणतो. खरंच निसटू शकतो. म्हणून मी बाजारातून जाड पंचा आणला आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्या. दिरांनी आपल्याकडची गाठ मुठीत धरून ओढून बघितली.

"बारीक झाली गो," ते मला म्हणाले. "मोठी मार."

मी मोठी मारली.