मधलाच भोंगा का?

बँडमास्तर सुभेदार यशवंतराव शेटे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकात मी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा आपला पत्ता चुकला नाही ना, असे मी त्यांना आधी विचारून घेतले. मला संगीतातले ओ की ठो कळत नाही. नगरच्या लष्करी छावणीत मी खरेदीच्या कचेरीत कारकून होतो. तंबूच्या खुंटीपासून कढईपर्यंत सगळे माझ्या टेबलावरून जायचे. एकाहत्तरची लढाई संपल्यावर काही महिन्यांनी त्याच टेबलापाशी शेटेसाहेबांची आणि माझी पहिली गाठ पडली. तेव्हा मी जो गोंधळलो, तो अजून पुरता सावरलेलो नाही.

साहेब बँडसाठी एका मोठ्या पितळी वाद्याची मागणी घेऊन आले होते. त्याची किंमत वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. माझा वर्षाचा पगार त्यात बुडाला असता. मी म्हणालो, "साहेब, एका भोंग्याला एवढे?"

साहेब शांतपणे म्हणाले, "भोंगा गिरणीवर असतो भाऊसाहेब. हे यूफोनियम हाय." मग ते माझ्यासमोर बसले आणि कॉर्नेट म्हणजे छोटे, यूफोनियम म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचे मोठे, रुंद तोंडाचे, असे सगळे त्यांनी मला समजावून दिले. ते उठून गेले तेव्हा मला आधी जेवढे कळत होते तेवढेही कळेनासे झाले होते. 'भोंगा' हा शब्द मात्र माझ्या तोंडात बसला तो बसलाच.

साहेब देवळाली प्रवऱ्याचे, मी कोल्हारचा. दोघेही प्रवरेचे पाणी प्यालेले, म्हणून आमचे जमले. साहेबांच्या सचोटीविषयी छावणीत कुणी शंका घेतली नाही. वाद्ये विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्यांच्या घरी मिठाईचा भला मोठा पुडा पाठवला होता. तो त्यांनी परत केला असता तर मला समजले असते. त्यांनी तो बँडच्या खोलीत उघडून सगळ्यांना वाटला, मलाही दोन पेढे दिले आणि व्यापाऱ्याला निरोप धाडला, "मिठाई झ्याक हुती. वाजा न्हाई." ते वाद्य साहेबांनी घेतले नाही. याला लाच नाकारणे म्हणायचे की खाणे, याचा निकाल मला आजवर लागलेला नाही.

आता त्या खरेदीविषयी. बँडमध्ये किसनराव ढाकणे नावाचे हवालदार होते. पाथर्डीकडचे, कॉर्नेट वाजवणारे. साऱ्या छावणीत त्यांच्यासारखे कुणी नाही, असे जाणकार म्हणत. लढाईच्या काळात बँडची माणसे वाद्ये ठेवून जखमींचे स्ट्रेचर उचलतात, अशी फौजेची रीत आहे. किसनरावही गेले होते. परत आले ते वरचा ओठ फाटून आणि पुढचे दात गमावून. ओठ शिवला, पण कॉर्नेटच्या लहानशा तोंडावर तो बसेना, सूर निघेना. वार्षिक परेडपर्यंत वाजवू लागले तर ठीक, नाहीतर बँडमधून नाव कमी करून घरी धाडायचे, असा वरून हुकूम आला होता. गावी दुष्काळ पडलेला, भाऊ कोयता घेऊन उसाच्या तोडीला गेलेले. फुंकण्याखेरीज दुसरे काही किसनरावांनी आयुष्यात शिकून घेतले नव्हते. एकदा पत्र टाकायला कचेरीत आले तेव्हा मला म्हणाले, "भावसाहेब, गावाकडं जाऊन म्या काय फुंकू? चूल?"

वाद्य पसंत करण्यासाठी तीन अधिकाऱ्यांचे बोर्ड बसले. तीन व्यापारी तीन नमुने घेऊन आले. पहिला विलायती, डोळे दिपवणारा. दुसरा मेरठचा, रंगाने मळकट. तिसराही मेरठचाच, आणि सगळ्यांत स्वस्त. कागद सांभाळायला मी होतो. बँडमधला एखादा तगडा गडी वाजवून दाखवणार, असा सगळ्यांचा समज होता. साहेबांनी हाक मारली, "किसन, ये."

मला वाटले, नाव चुकले असेल. किसनराव पुढे आले. त्यांनी विलायती वाद्य मांडीवर घेतले आणि फुंकले. आतून नुसती हवा गेली. पुन्हा फुंकले, तर म्हैस अडल्यासारखा आवाज आला. व्यापारी ताडकन उठला. "साहेब, यांना वाजवता येत नाही! माझा माल फुकट बदनाम होतोय!" बोर्डावरचे मेजरसाहेब मराठीच होते. त्यांनी विचारले, "शेटे, तुमच्याकडे दुसरा माणूस नाही का?"

"हायेत की साहेब. पन ह्योच फुंकनार."

तिसऱ्या, स्वस्त वाद्याचीही तीच गत. मग मधले, मळकट. किसनरावांनी डोळे मिटून फुंकले. सुरुवातीला आवाज फाटला, मग जुळला, आणि पत्र्याच्या छपराखाली लांबच लांब भरून राहिला. चांगला की वाईट ते मला विचारू नका. पण किसनरावांनी वाद्य खाली घेतले आणि फुंकायची जागा शर्टाच्या बाहीने पुसू लागले. पुसून झाली तरी पुसतच राहिले. साहेब म्हणाले, "ह्येच घ्यायचं."

खरी पंचाईत माझी झाली. स्वस्त घ्यायचे तर तिसरे, नामांकित घ्यायचे तर पहिले. मधले घ्यायला सरकारदरबारी कारण लागते. मी साहेबांना विचारले, "काय लिहू?"

"लिव्हा, जखमी ओठाला बी वाजतं."

"असे कसे लिहिणार साहेब?"

"मग तुमी काय लिव्हायचं ते लिव्हा. धडधाकट मानूस झारी बी वाजवून दावील. वाजा कसाय ते दुबळ्या फुंकरीला कळतं."

'फुंकण्यास सुलभ' असे मी सरकारी इंग्रजीत बसवले. मेजरसाहेबांनी ते वाचले, माझ्याकडे पाहिले, किसनरावांकडे पाहिले आणि काही न विचारता सही केली. परेडच्या दिवशी किसनराव मागच्या रांगेत ते मळकट वाद्य घासून सोन्यासारखे करून वाजवत होते. त्यांचे नाव कमी झाले नाही. साहेबांनी वाद्यासाठी माणूस वापरला की माणसासाठी वाद्य घेतले, हे मी त्यांना अनेकदा विचारले. ते दर वेळी म्हणतात, "दोन्ही येगळं हाय व्हय?"

माझ्या बहिणीच्या लग्नाला साहेब कोल्हारला आले होते. मी त्यांच्यासाठी पुढे खुर्ची राखून ठेवली. ते मांडवामागे गावच्या बँडवाल्यांत बसून कुणाच्या तरी ट्रम्पेटचा पोचा काढत होते. जेवले तेही त्यांच्याच पंगतीला. पाहुणा कोण आणि वाजंत्री कोण, ते व्याह्यांना शेवटपर्यंत उमगले नाही.

अलीकडे साहेबांना कवळी बसली. कवळी लावून सूर धरेना, काढून तर मुळीच नाही. साहेबांनी फुंकणे सोडले, आणि बोलणेही कमी केले. गेल्या दिवाळीत मी देवळालीला त्यांच्याकडे बसलो होतो. तेवढ्यात पाथर्डीच्या एस.टी.ने किसनराव आले. काखेत घोंगडीत गुंडाळलेले काहीतरी मोठे होते. उघडले तर आत जुने, पोचे पडलेले यूफोनियम.

"बँडवाल्यांची दुकानं धुंडाळली सायेब. आता माझ्या बी तोंडात एक दात ऱ्हायला न्हाई. कवळी खिशात घातली अन् एकेक वाजा फुंकून पाह्यला. ह्यो वाजतोय. तुमी बी कवळी काढा."

साहेबांनी कवळी काढून माझ्या हातात दिली. फुंकले. आवाज फाटला, मग जुळला. साहेबांनी वाद्य खाली घेतले आणि फुंकायची जागा सदऱ्याच्या बाहीने पुसू लागले. पुसून झाली तरी पुसतच राहिले. किसनराव खिडकीबाहेर पाहू लागले. मी मात्र उघड रडलो, आणि कवळी हातात असल्यामुळे मला डोळेही पुसता येईनात.

सुभेदारसाहेबांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांच्या छातीत एक भोंगा भरेल एवढा दम सदैव राहो. भोंगा नव्हे, साहेब. यूफोनियम.