पाणबुड्याच्या टाकीची मूठ

देवानं सृष्टी घडवली खरी, पण तिला मुठी बसवायचं काम अर्धवट टाकून तो उठला, असं माझ्या थोरल्या साडूंचं ठाम मत होतं. आणि ते उरलेलं काम आता आपल्याकडे आलेलं आहे, अशा समजुतीनं ते जन्मभर वागले. बादलीला कडी असते, कपाला कान असतो, पण कलिंगडाला काय आहे? उशीला काय आहे? मी उदगीरला शाळेत मास्तर होतो; तिथं आमच्या घरी आले की ते मला हे विचारायचे. लातूरच्या त्यांच्या घरात धरायला येत नाही अशी वस्तू शोधून सापडली नसती. कलिंगड सुतळीच्या शिंक्यातून यायचं, रेडिओला जुन्या बादलीची कडी होती, गाद्यांना खाटेच्या नवारीचे पट्टे होते. सुटकेसला दुकानातून आलेली एक मूठ असताना त्यांनी दुसऱ्या टोकाला आणखी एक बसवली होती, कारण "स्टेशनात दोघांनी धरायची म्हटली तर दुसऱ्यानं काय हवा धरायची?" मुलगी रांगायला लागली तेव्हा तिच्या झबल्याला पाठीवर त्यांनी जाड पट्टी शिवून घेतली. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी पोरगी ओट्यावरून खाली निघाली होती, तेव्हा अक्कानंच ती पट्टी धरून तिला वरच्या वर उचललं. त्यानंतर घरातली सगळी झबली तशीच शिवली गेली.

एक गोष्ट मात्र ते कधीच कबूल करायचे नाहीत, ती म्हणजे आपली मूठ चुकली ही. एकदा लोणच्याच्या बरणीला त्यांनी तारेची मूठ केली. माझ्यादेखत ती उचलली आणि बरणी खाली पडून वर्षाचं लोणचं फरशीवर पसरलं. साडू फरशीवर बसले, हातातली मूठ उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "मूठ शाबूत हाय. बरणीच कच्ची निघाली." यावर अक्कानं फक्त फडकं आणून त्यांच्या पुढ्यात टाकलं.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेरीत टेबलं आली होती पण खुर्च्या यायच्या होत्या, आणि साहेब लोक उभ्यानं सह्या करत होते. साडू तिथं भांडार सांभाळायचे. त्यातच दुष्काळ पडला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, खेडोपाडी टँकर, आणि बाया रात्रंदिवस घागरींच्या रांगेत. अशा वेळी एका सकाळी कचेरीत एक मोठं लाकडी खोकं उतरलं. वर लिहिलं होतं, 'पूर बचाव साहित्य'. जिल्हा म्हटला की पूर येणारच, असं वर कुणीतरी धरून चाललं असावं. खोक्यात पाणबुड्याचा सगळा पोशाख होता: काचेचा मुखवटा, तोंडात धरायची नळी, बदकासारखी रबरी पावलं, शिशाचे ठोकळे ओवलेला कमरपट्टा आणि हवेनं ठासून भरलेली एक लोखंडी टाकी. लोक बघायला आले. शिपायानं ती रबरी पावलं घालून एका साहेबांना चहा नेऊन दिला. समोरच्या सायकलवाल्यानं, हवा कमी पडली तर पंपानं भरून देईन, असं मोठ्या मनानं सांगितलं.

साडूंना बाकी कशाचं काही नव्हतं. ती टाकी बघून मात्र ते हादरले. गोल, गुळगुळीत, चांगली पंधरा-सोळा किलोची, आणि आडवी ठेवली की भांडारभर घरंगळणारी. "अशी वस्तू सरकार पाठवतंच कसं, मास्तर?" ते मला म्हणाले. "उचलायची कुठं धरून?" पाठीवर बांधायचे पट्टे सोबत होते, पण ते बुडायच्या वेळचे. कचेरीतून विहिरीपर्यंत न्यायचं काय? ते टाकी घेऊन वेल्डिंगच्या दुकानात गेले. तिथल्या चाचांनी ती वाजवून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, मारतो वेल्डिंग. पन मग तुमी औशाला पडताल आन मी निलंग्याला." तेव्हा साडूंनी तो नाद सोडला. मग धान्याच्या कोठीच्या दोन लोखंडी पट्ट्या, आतून सायकलची ट्यूब, चार बोल्ट, आणि मध्ये बाभळीच्या लाकडाची घासून घासून तुकतुकीत केलेली मूठ. दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी मी तिथंच होतो. त्यांनी मला टाकी उचलायला लावली. खरं सांगायचं तर मूठ झकास होती. हाताला वजनच लागत नव्हतं. साडू स्वतः डबा घेऊन ऑफिसला निघाल्यासारखे अंगणात तीन फेऱ्या मारून आले.

यातूनच पुढचं सगळं झालं. हे शिकायला एक माणूस नांदेडला पाठवा, असं वरून पत्र आलं, आणि टाकी साडूंशिवाय कुणी हातात धरत नाही म्हणून साडूंचंच नाव गेलं. त्यांना पोहता येत नव्हतं. मी तसं म्हणालो तर ते म्हणाले, "पवणाऱ्याला टाकी कशाला लागंल?" नांदेडला गेले तर गोदावरीत गुडघाभर पाणी. शिकवणाऱ्यानं त्यांना चार दिवस त्या पाण्यात पालथं झोपवून शिकवलं. ते टाकी पुन्हा भरून घेऊन, सोबत दाखला घेऊन परत आले. दाखल्यावर 'खोली' या रकान्यापुढे रेघ मारलेली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही लातूरला गेलो होतो. जेवणं होतायत तोवर कचेरीची जीप दारात आली. शहराबाहेरच्या एका विहिरीवरून सहा गावांचे टँकर भरले जायचे. आसपासच्या विहिरींनी तळ गाठला होता, हिला मात्र तीस फूट पाणी होतं. त्या विहिरीतला पाइप बंद पडला होता. तळाशी पाइपाच्या तोंडावर जाळी असते, तिच्यात गोणपाट ओढलं जाऊन घट्ट बसलं होतं. गावातले पट्टीचे पोहणारे चार वेळा खाली जाऊन आले, पण गोणपाट कापून होईतो दम टिकत नव्हता. सकाळपासून टँकर उभे होते. साडूंनी हात धुतले, टाकी मुठीनं उचलली आणि जीपमध्ये जाऊन बसले.  चपला घालून अक्काही जीपमध्ये चढली, म्हणून मीही चढलो.

विहिरीवर सहा गावांची माणसं घागरी घेऊन बसली होती. साडूंना टाकी हातात धरूनच खाली जायचं होतं. तिथल्या इंजिनिअर साहेबांनी हात जोडून ती पाठीवर बांधायला लावली. मूठ पाठीमागून डोक्याच्या वर डोकावत होती. कमरेला दोर बांधला. थोड्या थोड्या वेळानं एक हिसका द्यायचा, म्हणजे सगळं ठीक. दोन दिले की वर ओढायचं, असं ठरलं. दोर धरायला तीन गडी होते. त्यांच्या मागं जाऊन शेवटचा हात अक्कानं लावला. कुणी तिला बाजूला हो म्हणालं नाही. मुखवट्यातून साडूंचे डोळे फार मोठे दिसत होते. मला म्हणाले, "येतो, मास्तर," आणि पाण्याखाली गेले.

वर बुडबुडे येत राहिले. मधून मधून दोराला हिसका बसत होता. पंधरा मिनिटांनी गोणपाटाचा पहिला तुकडा वर आला, मग दुसरा, मग बराच मोठा. माणसं उठून उभी राहिली. काम झालं होतं. पण साडू येईनात. हिसकाही येईना. बुडबुडे तेवढे एका जागी, सावकाश येत होते. दोन मिनिटं गेली, पाच गेली. इंजिनिअर साहेब घड्याळ बघत होते आणि टाकीत हवा किती उरली असेल हे त्यांना विचारायचं माझं धाडस होत नव्हतं. मग अक्का म्हणाली, "वढा." गड्यांनी ओढलं. दोर ताठ झाला, पण वर येईना. "आडकला," कुणीतरी म्हणालं. दोघं पोहणारे उडी मारायला काठावर आलेच होते, तेवढ्यात दोर एकदम सैल पडला आणि साडू वर आले. तोंडातली नळी काढून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "मूठ आडकली होती पाइपात."

मोटर सुरू झाली. टँकर भरायला लागले. साडूंच्या गळ्यात हार पडला, आणि आठवड्यानं त्यांना नोटीस मिळाली. सरकारी वस्तूत परवानगीशिवाय फेरफार, त्यामुळे जीवितास धोका. खुलासा त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिला: मूठ बसवण्यात माझी चूक झाली. मी तो कागद दोनदा वाचला. लोणच्याची बरणी फुटली तेव्हा फरशीवर बसून मुठीची बाजू घेणारा हा माणूस. मग त्यांनी स्वतःच्या हातानं चारही बोल्ट सोडवले. पुढं ते खोकं दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्यात गेलं.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी ते उदगीरला आले होते. चहा पिता पिता, काही विषय नसताना म्हणाले, "मूठ काय आडकली नव्हती, मास्तर." मी कप खाली ठेवला. "काम झालं. वर निघणार, तर वाटलं, जरा बसावं. थंडगार होतं. आवाज न्हाई काही. आख्ख्या जिल्ह्यात नव्हतं तेवढं पाणी माझ्या डोक्यावर. पाइपाला धरून बसलो. दोर वढला तरी सोडवंना." उरलेला चहा बशीत ओतून ते म्हणाले, "वर सगळे घागरी घेऊन बसलेले, आन मी तिथं मजेत. कुणाला सांगणार? मूठ म्हणालो. तुमच्या अक्काला सांगू नका. लई भ्याली होती ती."

मी सांगितलं नाही. पुढं साडू वारले, त्यांचे दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि अक्का त्यांचे कपडे घड्या घालून ठेवत होती. मी मदतीला बसलो होतो. बोलता बोलता विहिरीचा विषय निघाला, आणि मला वाटलं आता सांगायला हरकत नाही. मी सुरुवात केली तशी ती म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"त्यांनी सांगितलं?"

"न्हाई." तिनं सदऱ्याची बाही सरळ केली. "दोर माझ्या हातात व्हता. आडकलेला दोर येगळा लागतो, कुणी धरलेला येगळा."

"मग तुम्ही कधी विचारलं नाही?"

अक्कानं सदऱ्याची घडी घालून तो बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बसले आसतील घटकाभर. वर तरी काय व्हतं त्या साली?" आणि तिनं पुढचा सदरा मांडीवर घेतला.