मामांनी उघडलेलं पाकीट

माझ्या मामांइतका संशयी माणूस राहुरी तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि शेजारच्या नेवासे तालुक्यात एखादा होऊन गेला असं कुणी म्हणालं असतं, तर मामांनी आधी त्याचा पुरावा मागितला असता. मामा देवळाली प्रवरेला तलाठी होते. वर्षानुवर्षं लोकांची बांधावरची भांडणं ऐकून त्यांचं असं ठाम मत झालं होतं की माणूस तोंड उघडतो ते काहीतरी लपवण्यासाठीच. बाजाराला जाताना ते घरची वजनं पिशवीत घालून नेत. भाजीवाल्या मावशी त्यांना लांबून पाहूनच तागडी त्यांच्या हातात देऊन मोकळ्या होत. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत, मग मामीला ओढायला लावत, आणि ती "लागलंय" म्हणाली की तिच्या शब्दावर कसं विसंबायचं म्हणून पुन्हा स्वतः ओढत. चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी चावडीवर कुणीतरी मोठ्यानं वाचली तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मामांनी शांतपणे विचारलं, "पंचनामा कुनी केला?"

माझे वडील लवकर गेले आणि आई मला घेऊन मामांकडे आली, त्यामुळे माझ्या कुठल्याही कागदावर पालक म्हणून सही लागायची ती मामांची. पुण्याला बी.ए.ला मी फ्रेंच घेतलं तेव्हाही त्यांनी सही केली होती, पण हे तीन वर्षांत आपोआप बरं होणारं दुखणं आहे अशा समजुतीनं. ते बरं झालं नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात मी फ्रान्समधल्या एका विद्यापीठाचा एम.ए.चा अर्ज घेऊन घरी आले आणि मामांची चौकशी सुरू झाली. आधी त्यांनी माझं पुस्तक तपासलं. एका शब्दावर बोट ठेवून मला तो उच्चारायला लावला आणि म्हणाले, "लिवल्यात आठ अक्षरं, बोललीस तीन. बाकीची पाच कुठं गेली? सातबाऱ्यावर असं केलं तर मला घरी बसवतील." मग शिष्यवृत्तीवर घसरले. परक्या मुलीला फुकट शिकवणारं सरकार त्यांच्या पाहण्यात नव्हतं. हा विषय का शिकायचा आहे ते दोन पानांत लिहायचं होतं. मी लिहिलेलं त्यांनी मराठीत करून सांगायला लावलं आणि पहिल्याच वाक्याला मला थांबवलं. "लहानपनापासून साहित्याची आवड? लहानपनी तुला फकस्त चिंचा आवडायच्या. खोड ते." मी चिडले, पण खोडलं, कारण ते खरोखरच खोटं होतं.

खरा घोटाळा झाला तो शिफारसपत्रावरून. आमच्या फ्रेंचच्या बाईंनी ते लिहून, पाकीट चिकटवून, जोडावर आडवी सही करून माझ्याकडे दिलं होतं. ते न उघडता अर्जाबरोबर पाठवायचं होतं. "तुझ्याबद्दल लिवलंय आन् तूच वाचायचं न्हाई?" मामांचे डोळे बारीक झाले. "मंग नक्कीच वंगाळ लिवलं आसनार." मी आईबरोबर देवळात गेले तेवढ्या वेळात त्यांनी शाळेचे हेडमास्तर आणि शेजारचे शिंपीकाका असे दोन पंच बसवले आणि चहाच्या आधणावर धरून पाकीट रीतसर उघडलं. मी परतले तेव्हा हेडमास्तर इंग्रजी पत्राचा मराठीत अर्थ सांगत होते: ही मुलगी कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, अगदी माझ्याही, मूळ पुस्तक काढून स्वतः पाहिल्याशिवाय तिचं समाधान होत नाही, असा विद्यार्थी मला क्वचितच मिळाला. मामा कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी भाताची खळ लावून पाकीट पुन्हा चिकटवून पाहिलं, पण वाफेनं बाईंची सही पसरून नुसता निळा डाग उरला होता. अर्ज टपालात टाकायला चार दिवस होते. मी संतापले, रडले, "तुमच्यामुळे माझं सगळं गेलं" असं त्यांच्या तोंडावर बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पहिल्या एस.टी.नं पुण्याला गेले. पुढचं मला बाईंनी नंतर सांगितलं. मामा दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात, आणि म्हणाले, "चूक माजी हाय, पोरीची न्हाई. जबाब लिहून आनलाय." बाईंनी तो सही केलेला जबाब वाचला, हसू आवरत तेच पत्र पुन्हा लिहिलं आणि नवं पाकीट त्यांच्या हातात दिलं. संध्याकाळी मामांनी ते कोटाच्या आतल्या खिशातून काढून माझ्यासमोर ठेवलं. घड्या नाहीत, वाफ नाही, जोडावरची सही कोरी करकरीत. माझा राग अजून गेला नव्हता. मी म्हटलं, "मामा, या वेळी बाईंनी वेगळंच काही लिहिलं असेल तर?" मामांचा हात पाकिटाकडे गेला. मला वाटलं, झालं. पण त्यांनी तो हात मागे घेतला आणि म्हणाले, "तुजा फारम आन हिकडं." आणि सही केली.

मी गेले, शिकले, तिकडेच शिकवू लागले. मामा गेल्याचं पत्र मला बारा दिवसांनी मिळालं. त्यानंतर गावी आले तेव्हा मामीनं त्यांच्या ट्रंकेतलं कागदांचं पुडकं माझ्यापुढे ठेवलं. त्यात ते पहिलं, उघडलेलं पत्र होतं, निळ्या डागाच्या पाकिटासकट. मागच्या कोऱ्या बाजूवर मामांनी लिहिलं होतं: "सदर लिफाफा दोन पंचांसमक्ष उघडला. आतील मजकूर मुलीशी ताडून पाहिला. मजकूर खरा आहे. संशय नाही." खाली दोन्ही पंचांच्या सह्या होत्या. बाकीचे सगळे कागद मी एकेक करून पाहिले; "संशय नाही" असं मामांनी दुसऱ्या कशावरही लिहिलेलं नव्हतं. हे अक्षर मामांचंच आहे ना, असं मी मामीला दोनदा विचारलं.